बाईचा दिवस

औंढ्याच्या वर, डोंगराच्या पोटाला चिकटून, जांभूळदरा नावाची वीस घरांची वाडी आहे. जुलै अर्धा सरला की तिथे पाऊस असा लागून राहतो, की समोरच्या घराशी बोलायचं तर घसा फोडावा लागतो. घोंगड्या वाळत नाहीत, चुलीचा धूर घराबाहेर पडायला तयार नसतो, आणि माणसं उजाडल्यापासून खाचरात वाकलेली असतात. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं नाहीतर प्लास्टिकची खोळ, डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताने रोपं सोडवायची, अंगठ्याने मातीत दाबायची आणि मागे मागे सरकायचं. भाताची आवणी म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून फारसा उपयोग नाही. संध्याकाळी कंबर जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं.

या दिवसांत वाडीत मजुरी हा शब्द चालत नाही. सावड चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस. कुणाचा दिवस कुणाकडे राहिला हे पोरंसोरंसुद्धा सांगतील, आणि जो फेडणार नाही त्याला पुढच्या साली आपलं शेत एकट्याने लावावं लागेल.

वर्षातला एकच दिवस असा, की जो फिरून फेडायचा नसतो. त्याला वाडीत बाईचा दिवस म्हणतात.

बाई म्हणजे रंजना. संदीप आगिवल्याची बायको, भागूबाईची सून, बारावी झालेली वाडीतली पहिली बाई. बावीस वर्षांपूर्वी सरकारने वस्तीशाळा काढल्या तेव्हा जांभूळदऱ्याची शाळा वाडीतल्या जाणत्या सावळा आबांच्या गोठ्यात भरली. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला अकरा पोरं. मानधन महिना हजार रुपये, तेही सहा-सहा महिने उगवायचं नाही. पहिल्याच पावसाळ्यात पेच पडला. शाळा धरली तर खाचर ओस राहणार, खाचर धरलं तर शाळेला कुलूप. रंजनाने आबांना सांगून टाकलं की हे मला जमायचं नाही, दुसरी कोणी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या एकोणीस घरांतलं एकेक माणूस तिच्या तीन खाचरांत उतरलं आणि दिवस बुडायच्या आत तिन्ही खाचरं हिरवी झाली. रंजना साडी खोचून चिखलात उतरायला गेली, तर आबांनी तिला बांधावरूनच माघारी धाडली.

"तुजी सावड तितं," गोठ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तितंच फिटती ती."

तेव्हापासून ही रीत पडली. गोठ्याची शाळा पत्र्याची झाली, पत्र्याची स्लॅबची झाली. मानधन थोडंथोडं चढलं, पण मानधनच राहिलं, त्याचा पगार कधी झाला नाही. बाईच्या दिवशी सगळी वाडी खाचरात आणि सगळी पोरं, अगदी कडेवरचीसुद्धा, शाळेत. बावीस वर्षांत रंजनाच्या हाताला भाताचं रोप लागलं नाही. तिची नखं स्वच्छ राहिली आणि बोटांना खडू चिकटून राहिला. वाडीला याचा असा काही अभिमान होता, की तिच्या खाचरातलं रोप जरा पिवळं पडलं तरी माणसं आपलंच काही चुकलं म्हणून हळहळायची.

बोलण्याचीही एक रीत होती. शाळेच्या पायरीवर पाय पडला की ती बाई, आणि अहोजाहो. पायरी उतरली की ती रंजना नाहीतर रंजे. भागूबाई सासू असून हा नेम पाळायची. सकाळी चुलीपाशी सुनेला दोन शब्द सुनवायची आणि दुपारी शाळेत पाणी घेऊन गेली की म्हणायची, "बाई, तुमी जेवला का?"

आता पात्रतेचं म्हणाल, तर रंजनाने पत्राद्वारे करायच्या डीएडला नाव घातलं होतं. पहिलं वर्ष पास झाली. दुसऱ्या वर्षीचे तळेगावचे वर्ग नेमके जुलैत आले, घाटात दरड कोसळली, रस्ता नऊ दिवस बंद. वर्ग बुडाले ते बुडालेच. तिच्याबरोबरच्या ज्यांचं पुरं झालं ते कायम होऊन गेले. रंजनाच्या नावापुढे सरकारी यादीत एक शब्द कायमचा बसला, अप्रशिक्षित. आबांनी त्याचा अर्थ विचारला होता. ज्याला शिकवण्याचं शिक्षण मिळालेलं नाही असा, असं तिने सांगितलं. आबा म्हणाले, मग तुला कुनी तरी शिकवाया पायजे व्हतं, त्यात तुजा काय दोष.

या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली की शिक्षणाच्या कायद्यात सुधारणा झाली आहे आणि तिच्यासारख्यांसाठी त्यात एक कलम घातलं आहे. ज्यांनी वीस वर्षं सलग शिकवलं त्यांची चौकशी होईल, चौकशीत ठीक ठरले तर त्यांना शिक्षकाचा दर्जा आणि पगार मिळेल, उरलेलं प्रशिक्षण मागाहून. जे ठीक ठरणार नाहीत त्यांनी घरी जायचं. जांभूळदऱ्यात बाई घरी गेली म्हणजे शाळाही गेली, कारण चौदा पोरांसाठी डोंगर चढून यायला दुसरं कोण तयार होणार. पोरं मग औंढ्याला जातील, म्हणजे जून ते ऑक्टोबर, वाटेतल्या ओढ्याला पाणी असेपर्यंत, जाणारच नाहीत.

चौकशीला येणार होते विस्तार अधिकारी टिळेकर. दिवस ठरला गुरुवारचा, आणि नेमका तोच बाईचा दिवस होता. रंजनाने आबांना विचारलं की आवणी दोन दिवस पुढे ढकलू या का. आबांनी रोपाची काडी उपटून तिच्या पुढ्यात धरली. रोप हाताएवढं झालं होतं, आणखी थांबलं तर वाया जाणार. शिवाय खाचरं शाळेच्या खालीच आहेत, साहेबांनी हाक मारली की वर येऊ, असं ते म्हणाले. लपवायचं तर काही नव्हतंच.

गुरुवारी टिळेकर आले ते एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बूट घेऊन. ओढा ओलांडताना त्यांनी बूट काढले होते. माणूस वाईट नव्हता. केस नीट विंचरलेले, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. सोबत केंद्रप्रमुख सुनेत्रा मॅडम होत्या, तळेगावच्या. त्या दर दोन महिन्यांनी हा डोंगर चढायच्या, त्यामुळे त्यांना कुठला दगड हलतो तेही पाठ होतं.

टिळेकरांनी पोरांना पुस्तक उघडायला लावलं नाही. खिशातून त्या दिवसाचं वर्तमानपत्र काढलं आणि तिसरीतल्या चैतालीच्या हातात दिलं. चैतालीने लोणावळ्यातल्या गाड्यांच्या गर्दीची बातमी घडाघडा वाचली आणि मधेच थांबून साहेबांना विचारलं की एवढी माणसं पाऊस बघायला येतात, तर त्यांच्या गावात पडत नाही का. टिळेकर हसले. त्यांनी हजेरीपट बघितले, बावीस वर्षांचे. एकेक चाळला आणि मान हलवत म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे. आता पालकांचा जबाब घेतो, म्हणजे झालं."

रंजनाने दारातून हाक मारली. आबा आणि भागूबाई वर आले. दोघांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणून दोघं पायरीखालीच थांबले. टिळेकरांनी आत यायला सांगितलं तरी आले नाहीत, फरशी खराब होईल म्हणाले. बाई रोज येतात का, असं साहेबांनी विचारलं. आबा म्हणाले, त्या जात्यात कुटं, की यायला लागंल? हितंच असत्यात. मारतात का, असं विचारलं. भागूबाई म्हणाली, त्यो हात मारायचा न्हाई. मग टिळेकरांची नजर खाली गेली. खाचरात माणसं एका ओळीत वाकलेली, पावसात ओळ सारखी मागे सरकत होती.

"कुणाचं शेत आहे हे?"

"बाईंचं," आबा म्हणाले.

"मजुरी काय देतात बाई?"

आबांना या प्रश्नाने थोडा रागच आला. ते पंचाहत्तरीचे, काटक, बोलायला लागले की मान ताठ करायचे. "मजुरी? आमी वाडीत कुनाची मजुरी घेत न्हाई, साहेब. आन् बाईच्या रानात तर न्हाईच न्हाई. एकोनीस घरं, बावीस सालं, एक दिस चुकला न्हाई. लिवा तुमी ते."

"पण का करता?"

"का म्हंजी? त्या पोरं शिकिवत्यात म्हनून."

टिळेकरांचं पेन थोडा वेळ थांबलं, मग चालू झालं. सुनेत्रा मॅडम काहीतरी बोलायला पुढे झाल्या, पण तोवर वाक्य कागदावर उतरलं होतं. साहेबांनी ते वाचून दाखवलं. मुलांना शिकवण्याच्या मोबदल्यात आम्ही सर्व पालक शिक्षिकेच्या शेतात दरवर्षी विनामजुरी काम करतो. बरोबर आहे का, असं विचारलं. आबा म्हणाले, अगदी बरोबर. साहेबांनी शाईचं पॅड पुढे केलं, तेव्हा आबांनी ते हाताच्या पालथ्या बाजूने सारलं आणि पेन मागितलं.

ही सही त्यांना साठीच्या आसपास आली होती. त्याच गोठ्यात, पोरांच्या मागे बसून, रंजनाने त्यांचा हात धरून ती गिरवून घेतली होती. आजही त्यांनी हात धोतराला पुसला, कागदावर पाणी पडू नये म्हणून पावसाकडे पाठ केली आणि मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं, सावळा महिपती आगिवले. लिहून झाल्यावर त्यांनी रंजनाकडे बघितलं. तिने मान डोलावली. तिलाही त्या घटकेला अभिमानच वाटला होता, ते तिने पुढे कधी नाकारलं नाही.

आठ दिवसांनी सुनेत्रा मॅडम पुन्हा डोंगर चढून आल्या. या वेळी एकट्या, आणि पोरं सुटेपर्यंत वऱ्हांड्यात बसून राहिल्या. मग त्यांनी पर्समधून कागद काढला. कायद्याप्रमाणे शाळेतल्या मुलांकडून कोणत्याही स्वरूपात शुल्क घेता येत नाही. सदर शिक्षिकेने पालकांकडून श्रमाच्या स्वरूपात शुल्क घेतल्याचे पालकांच्याच जबाबावरून दिसते. पंधरा दिवसांत खुलासा करावा, तोवर प्रस्ताव स्थगित.

रंजनाने कागद दोनदा वाचला. कुणाच्या घरची कोंबडी घेतली असती, कुणाकडून पायली तांदूळ घेतले असते, तर तिला एवढं लागलं नसतं.

मॅडमनी दुसरा गठ्ठाही काढला. एकोणीस छापील पावत्या होत्या. प्रत्येक घराने सही नाहीतर अंगठा करायचा, की आम्हांला बाईंकडून आवणीची मजुरी रोख मिळाली. आबांनी घाईत चुकीचं सांगितलं, असं लिहून द्यायचं. "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगते," त्या म्हणाल्या. "टिळेकर साहेबांनाही हेच बरं वाटेल. त्यांनी ऐकलं ते लिहिलं, त्यांना कुठे हौस आहे तुम्हाला काढायची." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि रंजनाला त्यांचा राग करता आला नाही.

घरी संदीपने कागद वाचला आणि पावत्या नीट एकावर एक लावून ठेवल्या. तो लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होता, म्हणजे नावाला माळी. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे, भर पावसात अंगणात शेगडी पेटवायचे, आणि संदीपने त्या शेगडीवर छत्री धरून उभं राहायचं. स्वतः भिजत. एकदा एका पाहुण्याने त्याला विचारलं होतं, तुझं नाव काय, आणि उत्तर येईपर्यंत तोंड दुसरीकडे वळवलं होतं. हे त्याने रंजनाला कधीतरी सांगितलं होतं आणि पुन्हा काढलं नव्हतं. आज त्याने तेच काढलं.

"सही करून टाकतील समदी. आपल्या बाईसाठी कोन न्हाई म्हनंल?" तो म्हणाला. "तू पगाराची झालीस तर मी त्या छत्र्या धरायच्या सोडून देईन. येवढंच मागतो."

रंजनाला त्याचं चुकीचं वाटलं नाही. ती म्हणाली, बघू.

बातमी वाडीभर व्हायला वेळ लागला नाही. आपल्या सहीने बाईचं काम अडलं हे सावळा आबांना कळलं आणि ते शाळेकडे फिरकेनासे झाले. एरवी दुपारी ते वऱ्हांड्यात बसून पोरांचे पाढे ऐकायचे, कुणी चुकलं तर खोकायचे. ती जागा रिकामी राहिली. चौथ्या दिवशी शाळा सुटता सुटता आले. पायरीखाली उभे राहिले, डोक्यावरची खोळ काढली आणि पावसात तसेच बोलले.

"बाई, ती पावती द्या. मजुरी घेतली म्हनून सही करतो. माजी पयली, मग बाकीची करतील."

या माणसाने पंचाहत्तर वर्षांत वाडीत कुणाची मजुरी घेतली नव्हती. लोणावळ्यात बांधकामावर घेतली, स्टेशनवर हमाली केली, पण वाडीत नाही. तो आपल्या हाताने लिहून द्यायला आला होता, की मी बाईचा गडी होतो. रंजनाने पावत्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग तिने तो गठ्ठा कपाटात हजेरीपटांच्या खाली सरकवला आणि कपाट लावलं.

"आबा, मी तुमचा हात धरून सही शिकवली ती खोटं लिहायला नाही," ती म्हणाली. "घरी जा, भिजताय."

आबा गेले. पण खोटं लिहायचं नाही, हे ठरलं तरी खरं काय लिहायचं ते ठरत नव्हतं. रविवारपर्यंत तिने एक वाट काढली. सावडच आहे ना, मग ती फेडली की शुल्काचा प्रश्नच मिटतो. एकोणीस घरांत एकोणीस दिवस कामाला जायचं, रविवारी आणि सुट्टीला. तिने जुनी साडी नेसली, खोळ घेतली आणि आबांच्या खाचराच्या बांधावर जाऊन उभी राहिली. त्यांची शेवटची दोन खाचरं राहिली होती. ती चिखलात पाय टाकणार, तेवढ्यात आबांनी हातातली मूठ खाली ठेवली.

"रंजे, थांब तितंच. कशाला आलीस?"

तिने सांगितलं. आबा ऐकत राहिले. पाणी त्यांच्या भुवयांवरून गळत होतं. मग ते म्हणाले, "आज तू दिस फेडलास, म्हंजी बावीस वरसं शाळेत केलंस ते काय व्हतं? ते फिटलं न्हवतं व्हय? आमची पोरं वाचत्यात ती कुनाच्या हिशोबात धरायची मग? जा माघारी. माज्या खाचरात तुला पाऊल टाकू द्यायचो न्हाई मी."

रंजना बांधावर उभी राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण छाती भरून आली. खोटं लिहिलं तर वाडी तिची मजूर ठरत होती, आणि दिवस फेडले तर तिची शाळाच शून्य ठरत होती. दोन्ही कबूल नव्हतं, तिलाही आणि या म्हाताऱ्यालाही. मग आता लिहायचं काय ते तिला सरळ दिसलं. ती घरी गेली नाही, तशीच शाळेत गेली आणि वहीचा कागद फाडून बसली.

खुलासा एका पानाचा झाला. मी शुल्क घेतलेलं नाही आणि मजुरी दिलेली नाही, असं तिने लिहिलं. वाडीने माझं शेत लावलं म्हणून मी शाळेत राहू शकले. मी शाळेत राहिले म्हणून वाडीची मुलं शिकली. बावीस वर्षांत आवणीसाठी ही शाळा एकही दिवस बंद राहिली नाही, हजेरीपट सोबत आहेत. दिवसाला दिवस देण्याच्या या व्यवहाराला आमच्याकडे सावड म्हणतात. मी माझी सावड शाळेत फेडत आले आहे. सावळा महिपती आगिवले यांनी दिलेला जबाब खरा आहे.

संदीपने तो वाचला. मग उठून आतून प्लास्टिकची पिशवी आणली आणि कागद भिजू नये म्हणून त्यात घातला. छत्र्यांचा विषय त्याने काढला नाही.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती, कामाच्या दिवशी. रंजनाने शाळा बंद ठेवायची नाही असं ठरवलं होतं. भागूबाईने पोरांना भात घालायचं पत्करलं. राहिलं शिकवणं. तिने आबांना विचारलं. ते आधी नाही म्हणाले, मग धुतलेलं धोतर नेसून सकाळी नऊलाच येऊन बसले.

कचेरीत टिळेकर टेबलामागे आणि सुनेत्रा मॅडम बाजूच्या खुर्चीत. रंजनाला बसायला सांगितलं नव्हतं, ती उभी राहिली. टिळेकरांनी खुलासा दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की बाई, माझ्यापुढे छापील नमुना आहे. यात शुल्क आहे, देणगी आहे, मजुरी आहे. सावड नाही. तुम्ही जरा सोपं लिहिलं असतं तर माझंही काम सोपं झालं असतं.

"सोपं खोटं होतं, साहेब," रंजना म्हणाली. तिचा आवाज वर्गातलाच निघाला. "सरकार मला हजार रुपये देत होतं तेव्हा वाडीने मला सांभाळली. ती फी असेल तर माझी नाही, ती सरकारच्या वाट्याची होती, वाडीने भरली. नमुन्यात सावड नसेल तर हाताने लिहा. आम्ही बावीस वर्षं हातानेच केलीय."

टिळेकरांनी खुलासा पुन्हा समोर ओढला. सुनेत्रा मॅडमनी पर्समध्ये काहीतरी शोधायचं निमित्त केलं. मग साहेबांच्या एकदम लक्षात आलं.

"आज शाळा बंद ठेवलीत का?"

"नाही. चालू आहे."

"कोण शिकवतंय?"

"सावळा आबा. पाढे घेतायत."

"त्यांची पात्रता?"

"सही येते," रंजना म्हणाली. "तुम्ही बघितली आहे."

टिळेकर आधी हसले नाहीत. मग हसू आवरेना म्हणून त्यांनी मान खाली घातली, पेन उचललं आणि छापील रकान्यांच्या खाली रिकाम्या जागेत लिहू लागले. बऱ्याच ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बसा की बाई, उभ्या का?"

आदेश दिवाळी झाल्यावर आला. रंजना संदीप आगिवले यांस शिक्षक म्हणून नियमित वेतन देण्यात येत आहे. सेवा आदेशाच्या तारखेपासून धरली जाईल, पूर्वीची बावीस वर्षं धरली जाणार नाहीत. दोन वर्षांत प्रशिक्षण पूर्ण करावं. शिकवण्याच्या मोबदल्यात ग्रामस्थांकडून यापुढे कोणत्याही प्रकारचं श्रमदान स्वीकारू नये, तसं लेखी द्यावं. पगार पात्रताधारकांपेक्षा कमीच होता, पण पगार होता. भागूबाईने विचारलं की बावीस वर्षं मग गेली कुटं. रंजना म्हणाली, गेली नाहीत, या वाडीत तिशीच्या आतलं एक माणूस दाखवा ज्याला वाचता येत नाही. भागूबाईला दाखवता येईना. त्या शनिवारी संदीप बंगल्यावर गेला, काम सोडतो म्हणून मालकाला सांगून आला आणि घरी येऊन अंगणातल्या वांग्यांना भर घातली. स्वतःच्या अंगणात त्याने किती दिवसांनी कुदळ धरली, हे रंजनाने विचारलं नाही.

पुढच्या जुलैत पुन्हा रोपं हाताएवढी झाली. वाडी शाळेच्या वऱ्हांड्यात जमली आणि आबांनी रंजनाला ती अट पुन्हा वाचायला लावली. तिने वाचली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"म्हंजी बाई, शाळेचं आता सरकार देतंय. त्ये फिटलं," ते म्हणाले. "मग तुमची सावड आता आमच्यावानीच. दिसाला दिस. एकोनीस घरं तुमच्यात येतील, तुमचं घर एकोनीस घरांत. रविवार तुमचा, बाकीचे वार संदीप भरंल. हे कायद्यात बसतंय का?"

बसत होतं. रंजनाने ते सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना तिला हसू फुटलं.

पहिला रविवार आबांच्या खाचराचा. गेल्या साली ज्या बांधावरून तिला माघारी पाठवली होती त्याच बांधावरून ती चिखलात उतरली. थंडगार चिखल पोटऱ्यांपर्यंत चढला. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला भागूबाई. ओळ मागे सरकू लागली आणि दहा मिनिटांत सगळ्यांना दिसलं की बाईची ओळ ओढ्यासारखी वाकडी चालली आहे. तिची रोपं आडवी पडत होती, दोन तर पाण्यावर तरंगत आबांच्या पायाशी आली. ती मागे पडली, घाई केली, आणखी मागे पडली. तेवीस वर्षांत हात सगळं विसरले होते.

भागूबाईने कंबर सरळ केली, सुनेची ओळ वरपासून खालपर्यंत बघितली आणि सगळ्या खाचराला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही तर अप्रशिक्षित हाय. हिला मानधनावर ठिवा."

अख्खी ओळ हसत सुटली. संदीप बांधावर रोपांच्या मुठी टाकत होता, तोही हसला. रंजना चिखलाच्या हाताने तोंड झाकायला गेली आणि गालभर चिखल झाला, मग तीही हसली, पाठ दुखेपर्यंत. सावळा आबा तेवढे हसले नाहीत. ते सरकत तिच्याजवळ आले, आपला खरबरीत हात तिच्या मनगटावर ठेवला आणि तिचा अंगठा रोपाच्या मुळाशी नेला.

"हितं दाबायचं, बाई," ते म्हणाले. "हळू. गिरवा माज्यासंगं."

खाचरात त्यांनी तिला बाई म्हटलं ते पहिल्यांदाच. रंजनाने अंगठा दाबला. रोप उभं राहिलं. मग तिने मुठीतून पुढची काडी सोडवली.